न बघण्याची रीत

४ मार्च

आलो एकदाचे. नाना आणि मी, चार बॅगा आणि नानांची लांब दांड्याची छत्री. विमानतळावर ज्याने ज्याने ती छत्री तपासायला घेतली, त्याला नानांनी ती उघडून मिटून दाखवली. शेवटचा अधिकारी हसला. मला वाटलं, इथे हसणारी माणसं आहेत, म्हणजे निभेल.

ही वही धाकट्या बहिणीने दिली. तिची अट अशी की रोज लिहायचं आणि उपयोगाचं लिहायचं. पुढच्या वर्षी तिचा आणि मेहुण्यांचाही इकडे यायचा विचार आहे, तेव्हा परक्या देशात काय कसं करायचं ते तिला आयतं हवं. शाळेतही ती माझ्याच वह्या उतरवून पास झाली. तर घे, धाकटे.

घराचं दार नुसतं ओढलं तरी आपोआप लागतं. किल्ली आत राहिली की तू बाहेर. पहिल्याच तासात आमचं ते झालं. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण न्हाणीघराबाहेर आहे. ओला कचरा, कागद आणि काच यांचे डबे वेगळे, आणि काच दुपारी टाकायची नाही, आवाज होतो. बसमध्ये पुढच्या दारानेच चढायचं आणि पास यंत्राला टेकवायचा. जन्मभर बस कंडक्टरची नोकरी केलेले नाना त्या यंत्राकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, पोटावर पाय आणला तो आणला, वर सुटे द्या म्हणून दोन शब्द बोलतसुद्धा नाही मेलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खिडकीखाली बसथांबा आहे. नानांनी खुर्ची तिथे ओढली आणि संध्याकाळपर्यंत गाड्या वेळेवर येतात की नाही ते पाहिलं. येतात. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

९ मार्च

कामावर रुजू झाले. दातांची लॅब आहे. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यांवरून आम्ही कवळ्या बनवतो. काम तेच, फक्त टेबलं उंच आणि खिडक्या मोठ्या. माझ्याकडे दात बसवायचं काम आहे. शेजारच्या टेबलावर मेणाचं काम करणारी बाई आहे. तिचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून मनातल्या मनात मी तिला मेणवाली म्हणते. तिने पहिल्या दिवशी न विचारता स्वतःची जुनी सुरी मला दिली, माझी इथल्या मेणाला चालत नव्हती. काम चालू असताना कोणी बोलत नाही. कोणी विचारलं नाही की नवरा कुठे, मूलबाळ का नाही, आणि या वयात देश का सोडला. घटस्फोटानंतर मी अशा शेजाराची किती वाट पाहिली होती.

उमेदवारीचे सहा आठवडे आहेत. ते नीट गेले तर दोघांनाही कायमचं राहायचा परवाना मिळेल. काम आणि राहणं, दोन्ही बघतात म्हणे.

१४ मार्च

नव्याने आलेल्यांसाठी एक वर्ग असतो, तो सक्तीचा आहे. वर्गाच्या बाई माझ्याच वयाच्या, हसऱ्या, हळू बोलणाऱ्या. मी आणि नाना शेजारी बसलो. नानांना भाषा येत नाही, पण बाई फळ्यावर चित्रं काढतात. डॉक्टरकडे जायचं तर आधी फोन. पाहुणे येणार असतील तर शेजाऱ्यांना सांगायचं. नळ तुंबला तर घरमालक, दिवा गेला तर आपण.

शेवटी बाईंनी एक रीत सांगितली. इथे कोणी कोणाला टोकत नाही. कोणी चुकलं, काही भलतं वागलं, तर लोक नजर वळवतात. रागाने नाही, माणुसकीने. बघितलं की त्या माणसाला लाज वाटते. नाही बघितलं की लाजेला जागाच राहत नाही.

मागे बसलेल्या एका आचाऱ्याने विचारलं की माणूस चुकतच राहिला तर. बाई हसल्या. म्हणाल्या, तर आपण न बघत राहायचं.

मी हे नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आपल्या चुलत्यासारखं, घेणेकरी दिसला की दुसऱ्या गल्लीने. मी म्हटलं, तसं नाही हो नाना, ही सभ्यता आहे. मला खरंच तसं वाटलं. अजूनही वाटतं.

१९ मार्च

जिन्यात आमच्या समोरच्या दारापाशी एक म्हातारी उभी असते. तपकिरी कोट, हातात रिकामी कापडी पिशवी. मी रोज मान हलवते, तीही हलवते. समोरच्या घरात एक एकटे गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे कुत्रा आहे. आज ते दार उघडून बाहेर आले, म्हातारीला वळसा घातला आणि खाली गेले. कुत्रा मात्र तिच्यापाशी थांबून शेपूट हलवायला लागला. त्यांनी पट्टा ओढला.

नानांनी घरातलं स्टूल नेऊन म्हातारीला दिलं. म्हणाले, बिचारी, हात दाखवते आहे आणि गाडी थांबत नाही.

मी विचार केला, समोरच्यांना विचारावं का, कोण आहे ती. पण ते टोकल्यासारखं होईल. नाही विचारलं.

२६ मार्च

आज रविवार. नानांना बाजार दाखवायला बसने निघाले. बस भरलेली, सगळे दाराशी कोंडलेले आणि मधे चांगली मोकळी जागा. नानांना ते बघवेना. त्यांनी छत्रीच्या मुठीने दांड्यावर ठकठक केलं आणि पूर्वीच्या त्या खणखणीत आवाजात सुरू झाले. चला, पुढे सरका. मधे जागा आहे. ओ दादा, बॅग पायाशी घ्या. म्हाताऱ्या माणसाला चढू द्या. सासुरवाडीला नाही चाललात.

लोक सरकले. कळून नाही. ते नानांपासून लांब सरकले. आणि सगळ्यांनी एकदम माना खिडकीकडे वळवल्या. एका बाईच्या मांडीवरची लहान मुलगी टकामका बघत होती, आईने तळव्याने तिचा गाल हळूच फिरवला. कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

नाना खूश. माझ्याकडे बघून म्हणाले, बघितलंस, कंडक्टरची भाषा सगळीकडे चालते.

पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. मान कधी वळली ते मलाही कळलं नाही. बाहेर नुसती भिंत जात होती.

उतरल्यावर त्यांना सांगितलं, असं करायचं नाही इथे. ते म्हणाले, बरं. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, बरं बाळे, नाही करणार.

३ एप्रिल

हे लिहू नये असं वाटतं आहे, म्हणून लिहिते.

सकाळी डबा घरी राहिला. दुपारी नाना तो घेऊन लॅबवर आले. भाषा येत नसताना रस्ता विचारत कसे आले कोण जाणे. फाटकाशी उभं राहून त्यांनी हाक मारली. बाळे, ए बाळे, डबा विसरलीस. खिडक्या मोठ्या आहेत आणि नानांचा आवाज तुला माहीत आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मेणवाली माझ्याजवळ वाकली आणि तिने अगदी हळू, अगदी मायेने विचारलं, तुमचे कोणी आहेत का.

वडील हा शब्द मला इथल्या भाषेत येतो. पहिल्याच धड्यात होता.

मी नाही म्हटलं. म्हटलं, त्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

तिने मान हलवली आणि तीही खाली बघायला लागली. माझ्या हातात एक वरची कवळी होती. मी तिचे पुढचे दात बसवत राहिले. नानांनी डबा उंच धरला, मला दिसावा म्हणून. बराच वेळ धरला. मग फाटकाच्या भिंतीवर ठेवला आणि निघून गेले. सुटल्यावर मी मागच्या दाराने बाहेर पडले, म्हणजे डबा घ्यायला जावं लागलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. डब्याचं त्यांनी विचारलं नाही.

परवान्याची भीती वाटली असं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. वडील आहेत म्हणून कोणी मला काढून टाकलं नसतं. मला त्यांची लाज वाटली. इतकंच.

११ एप्रिल

धाकटे, दुकानांची दारं काचेची असतात आणि समोर उभं राहिलं की आपोआप उघडतात. आज नानांसाठी उघडलं नाही. ते मागे झाले, पुढे झाले, हात हलवले, शेवटी दारासमोर दोन पावलं नाचून दाखवली. मी आले तसं उघडलं. नाना म्हणाले, दाराला बायकांची ओढ दिसते.

डॉक्टरकडे त्यांचा नंबर पुकारलाच नाही, पुढच्याचा पुकारला. नाना उठून टेबलाशी गेले, तर परिचारिका त्यांच्या खांद्यावरून मागच्या माणसाशी बोलत राहिली. मी जाऊन सांगायला हवं होतं. उठलेही. पण सगळे इतके शांत बसले होते.

आणि आता ते एकटे थांब्यावर असले की बस थांबत नाही. वरून खिडकीतून मी स्वतः पाहिलं. त्यांनी हात दाखवला, गाडी तशीच गेली. त्याचं त्यांना सगळ्यात लागलं. माणूस दिसत असून गाडी न थांबवणाऱ्या ड्रायव्हरची मी तक्रार केली असती, म्हणाले. मग छत्री कोपऱ्यात ठेवली. परत बाहेर गेले नाहीत.

वर्गात बाईंना हे सगळं सांगितलं. वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, लोक त्यांच्याशी फार चांगले वागत आहेत. आणि तुम्ही?

मी म्हटलं, मीही.

१८ एप्रिल

आज बाई घर बघायला आल्या. राहणं कसं आहे ते पाहून त्या वर कळवतात. मी सगळं पुसून घेतलं होतं. नानांनी धुतलेला सदरा घातला, दाढी केली, दार उघडताच हात जोडले. बाई त्यांच्या बाजूने आत आल्या.

खिडकीपाशी खुर्ची होती, तिथे नाना जाऊन बसले. बाई म्हणाल्या, छान उजेड आहे, आणि त्याच खुर्चीवर बसायला लागल्या. नाना जेमतेम वेळेत उठले. त्यांची ती धडपड बघून मला हसू आलं. भीतीने आलं की कशाने, पण आलं. बाईही माझ्याबरोबर हसल्या.

मी चहाचे तीन कप मांडले होते. बाई दोनच कपांकडे बघत बोलत होत्या. म्हणाल्या, एकटीने इतक्या लवकर इथे रुळलेलं फार कमी जणांना जमतं.

एकटीने.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. बाई वाट बघत होत्या, इतक्या समजूतदार चेहऱ्याने, की मी काही भलतं बोलले असते तरी त्यांनी ते ऐकलंच नसतं. मी म्हटलं, साखर घ्या.

त्या गेल्यावर नानांनी विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं, सगळं पसंत पडलं. ते म्हणाले, मग झालं तर. तिसरा कप त्यांनी स्वतः उचलून विसळला. चहा गार झाला होता.

२३ एप्रिल

कायमचा परवाना आला. माझा. नानांबद्दल त्यात काही नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

कचेरीत जाऊन विचारायला हवं. उद्या जाईन. नाना काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, दोनदा विचारलं. ते हळू बोलतात हल्ली. मीच त्यांना सांगितलं होतं, हळू बोला.

२७ एप्रिल

कचेरीत जाऊन आले. तिथला माणूस सभ्य. माझ्या प्रश्नानंतर तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तो बघत राहिला. मी उठले तेव्हा त्याने हसून नमस्कार केला.

परत येताना जिन्यात स्टूल दिसलं. नुसतं स्टूल. तपकिरी कोटवाली म्हातारी नव्हती. मग लक्षात आलं, ती मला कितीतरी दिवसांत दिसलेली नाही. समोरचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन वर येत होते. कुत्रा स्टुलाशी थांबला, शेपूट हलवली, हवेत काहीतरी चाटलं.

मी टोकलं. इथे आल्यापासून पहिल्यांदा. म्हातारी कुठे गेली म्हणून विचारलं.

ते पायरीकडे बघायला लागले. मग म्हणाले, माझी आई. कुठे जाणार. इथेच असते.

ते किल्ली फिरवत म्हणाले, गावाहून आणली होती. मोठ्याने हसायची, दुकानात भाव करायची. आधी लाज वाटते. मग काही वाटत नाही. हे त्यांनी मला धीर द्यायला सांगितलं, म्हणजे तसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यांचं दार आपोआप लागलं.

घरात आले आणि नानांना हाक मारली. नाना खुर्चीत होते. होते ना? खुर्ची होती. नीट रोखून बघितलं तेव्हा आधी चष्मा दिसला, मग हात, मग ते सगळे. ते माझ्याकडे बघून हसले. मी इतका वेळ त्यांच्याकडे रोखून बघितलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पापणी लवली तर — असं वाटत होतं.

२ मेपासून सुट्टी मागितली आहे. त्यांच्यापाशी बसून राहणार.

३ मे

नाना दिसत नाहीत.

घरभर बघितलं. पलंगाखालीसुद्धा, लहान मुलाला शोधावं तसं. सगळे कपडे आहेत. चपला दाराशी आहेत. चष्मा खुर्चीच्या हातावर आहे. मघाशी टेबलावर होता.

नाना इथेच आहेत.

दार लावून घेतलं नाही, उघडं ठेवलं आहे. मग वाटलं, शेजारी काय म्हणतील. लावलं.

४ मे

धाकटीचा फोन आला. तोंड दिसणाऱ्या फोनवर. कितीतरी दिवस मी ते टाळत होते. आवाजावरच भागवत होते, नाना झोपलेत, नाना फिरायला गेलेत.

तिने बघितलं आणि फोनजवळ वाकली. मग म्हणाली, अगं ताई, नानांना काय झालंय?

मी विचारलं, कुठे आहेत.

ती म्हणाली, म्हणजे काय कुठे आहेत? तुझ्या मागे उभे आहेत ना. किती वाळलेत. ताई, डोळे कसे खोल गेलेत. डॉक्टरला दाखवलंस का?

मागे वळले. भिंत होती.

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिला तसं वाटेना. ती नानांशी बोलली. मला तिचे प्रश्न ऐकू येत होते आणि मधल्या रिकाम्या जागा. तिला उत्तरं मिळत होती. नाना काय बोलताय, मोठ्याने बोला, असं ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

म्हणाली, ताई, नाना म्हणतात त्यांना वाढलेलंच नाही.

हे कसं लिहू. नाना स्वतःच्या हाताने कधी घेत नाहीत. आई होती तेव्हाही नाही. कोणी पान वाढून, चला नाना, म्हटल्याशिवाय ते ताटावर बसलेले मी पाहिले नाहीत. शिळं का असेना, कोणी बोलवायला पाहिजे. आम्ही त्यावरून त्यांची किती चेष्टा करायचो, की जावई आले जावई.

मोरीत ताट एकच होतं. रोज एकच. मी किती दिवस एकच ताट घासते आहे आणि मला —

५ मे

दोन ताटं वाढली. नाना, जेवायला चला, म्हटलं. भाजी गार होऊन तिच्यावर साय आल्यासारखं झालं. ताटाला कोणी हात लावला नाही.

धाकटीला फोन करून टेबलावर उभा केला, नानांना पुन्हा हाक मारली, मग तिला म्हटलं, काय करतायत सांग. ती म्हणाली, खुर्चीत बसलेत. तू हाक मारलेली त्यांना कळलीच नाही. कुजबुजत का होतीस?

मी कुजबुजत नव्हते. मला वाटलं मी नेहमीच्या आवाजात बोलले.

तिला सगळं सांगितलं. बस. डबा. बाईंचा चहा. मेणवालीला दिलेलं उत्तर. कोणालातरी सांगायला हवं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नानांची लाज वाटली तुला? ज्यांनी ओव्हरटाइम करून तुला शिकवलं? मला तुझी लाज वाटते ताई. खरंच लाज वाटते.

आणि ती दुसरीकडे बघायला लागली. खिडकीकडे असेल. तिच्या घरात तिथे खिडकी आहे.

६ मे

मेणवाली जिन्यात भेटली. माझ्यासाठी फळं घेऊन आली होती, सुट्टी का म्हणून. मी तिला सांगितलं, ते माझे वडील होते. ते फाटकाशी आलेले. माझे वडील. दोनदा, तिच्या भाषेत, शब्द बरोबर होता.

तिने फळांची पिशवी पायरीवर ठेवली. हळूच. बघितलं नाही माझ्याकडे. गेली.

आज मला दुकानाच्या दारासमोर थांबावं लागलं. जरासंच. उघडलं मग.

७ मे

धाकटीने आपणहून फोन केला. कालपासून तिला चैन नाही. विमानाची तिकिटं बघते आहे, नानांना न्यायला येते म्हणाली. नानांना. मी म्हटलं, तोवर त्यांना जेवू घालायला मदत कर.

फोन ताटाला टेकवून ठेवला आहे. वही मांडीवर. लिहिलं नाही तर हातांचं काय करू कळत नाही.

तिने त्यांना हाक मारली. ते ताटावर आले म्हणाली. समोर बसलेत. माझ्या अगदी समोर. घास घेतला, म्हणाली. भाजीत खड्डा पडलेला मला दिसला. पडला. मी पाहिला. देवा.

मी विचारलं, माझ्याकडे बघतायत का?

ती म्हणाली, नाही. भिंतीकडे तोंड करून जेवतायत.

म्हटलं, विचार त्यांना, रागावलेत का.

तिने विचारलं. खूप वेळ ऐकत होती. मग म्हणाली, ताई, ते म्हणतात, रागावू कशाला. बाळीला मी समोर असलो की अवघडल्यासारखं होतं. त्या बाईंनी शिकवलंय, आपल्या माणसाला लाज वाटू नये म्हणून बघायचं नाही. म्हणून मी नाही बघत तिच्याकडे. जमायला लागलंय म्हणावं आता. आधी जड गेलं.

जमायला लागलंय.

आधी कधीपासून? विचार, कधीपासून —

ती म्हणते, दिवा लाव ताई, तू नीट दिसत नाहीस.

भर दुपार आहे.

खिडकीत आले. उजेडात. फोन हातात घेतला, तोंडासमोर धरला. ती म्हणते, फोन ठेवून कुठे गेलीस? ताई? नाना, ताई कुठे गेली?

इथे आहे मी. धाकटे, इथे. ती ऐकत नाही. ती नानांना विचारते आहे आणि नाना — काय सांगतायत ते?

नाना, बघा माझ्याकडे. भिंतीकडे नको. मला नाही लाज वाटत, शपथ, नाही वाटत, बघा ना एकदा, वळा — नाना, मोठ्याने हाक मारा मला, त्या दिवशीसारखी, बाळे म्हणून, सगळ्यांनी ऐकू दे. मी मारते. मी ओरडते आहे. नाना. खिडकी उघडी आहे. थांब्यावर माणसं आहेत, एकाने वर — नाही, त्याने मान खाली घातली. सगळ्यांनीच. नाना, ए नाना — मी जरा हळू